उसने बारा दिवस

रोज पहाटे सहाला मी गच्चीवर चढते,
खांबावरच्या तीन वाट्या किती जोरात फिरतायत ते बघते
आणि वहीत लिहिते: वेग, दिशा, शेरा.
शेऱ्याचा रकाना बहुतेक कोराच.

जूनचा पहिला आठवडा सरला
तरी हदीबोत वाट्या सुस्त. चार नॉट. पाच. पुन्हा चार.
आम्ही सोकोत्रावाले या वाऱ्याला होर्फ म्हणतो.
आमच्यासाठी तो पाऊस आणत नाही,
नुसता समुद्र बंद करतो.
होड्या वाळूत पालथ्या, पीठ महाग,
आणि चार महिने
कोणी येत नाही, कोणी जात नाही.

माझा भाऊ अंबारक मुकल्लाला गेलाय,
इंजिनाचा पिस्टन आणायला. आणि आईचा चष्मा.
आई उंबऱ्यात बसून विचारते, "आला का?"
वारा की मुलगा, ते सांगत नाही.
मी दोन्हींना मिळून एकच "नाही" म्हणते.

"मग अडलाय कुठे?"
मी कचेरीतले नकाशे आठवते.
खाली, मादागास्करच्याही पलीकडे, आत्ता हिवाळा.
तिथे थंड, जड हवा साचते आणि वाऱ्याला पाठीमागून रेटते.
यंदा तो रेटाच लेचापेचा.
"आणि पुढून ओढणारं कोणी?"
आहे ना. वाळवंट तापावं लागतं, तिबेटचं पठार तापावं लागतं.
पण तिथे मे उजाडला तरी बर्फ पडत होतं;
उन्हाची सगळी कमाई ते वितळवण्यात गेली,
जमिनीच्या हाती दमडी उरली नाही.
त्यात पूर्वेच्या उपसागरात एक वादळ उठलं,
जाताना आसपासची ओल गोळा करून घेऊन गेलं.
आणि फार लांब, जगाच्या पाठीमागे,
एका महासागराचं पाणी उगाच कोमट झालंय.

आई सगळं ऐकून घेते.
"कृत्तिका तर वेळेवर उगवल्या."
याचं उत्तर माझ्या नकाशात नाही.

शेजारचा मब्खूत म्हणतो, डोंगरात कोणीतरी
रक्तझाडाला कुऱ्हाड लावली, म्हणून.
आई त्याला गप्प करते,
"तुझं झाड जवळ आहे, म्हणून खरं वाटतं."

तो लवकरही येतो, हे ती बोलत नाही.
ढगांचा एक तांडा असतो, विषुववृत्ताच्या वाटेनं
महिना-दीड महिन्यात जगाची फेरी मारणारा.
मी सात वर्षांची होते तेव्हा नेमका वेळेवर पोचला
आणि वाऱ्याला हात देऊन आठ दिवस आधीच उठवलं.
बाबा मुकल्लात अडकले.
ऑक्टोबरात परतले ते तिथल्या बायकोचं नाव घेऊन.
आठ दिवस. मी तेव्हाच ठरवलं असावं
की हा वारा कोणीतरी मोजायला हवा.

बाराव्या दिवशी, उन्हं कलता कलता,
अंबारक आला. पिस्टन भलत्याच मापाचा.
चष्मा मात्र बरोबर.
आईनं तो लावून आधी माझ्याकडे पाहिलं,
"बारीक झालीस," म्हणाली,
मग अंबारककडे, मग बराच वेळ समुद्राकडे.

रात्री दीडला डोंगरावरून पहिला धक्का उतरला.
पत्रे बोलू लागले, शेळ्या भिंतीला चिकटल्या.
अंधारात आईचा आवाज,
"हा इथून पुढे कुठे जातो?"
पूर्वेला. तिकडे पाणी घेऊन जातो.
"तिकडे उशीर झाला असेल."
हो.
"म्हणजे आपले हे बारा दिवस
कोणाच्या तरी ताटातले होते."
मी काही बोलले नाही. तीही झोपली नसावी.

सहाला गच्चीवर. डोक्याचं फडकं उडून
मब्खूतच्या कुंपणात अडकलं.
तीन वाट्या आता तीन दिसत नाहीत, एक कडं दिसतं.
वेग: एकतीस नॉट.
दिशा: नैर्ऋत्य.
शेरा: घरी सगळे आहेत.